सिनेमाची फिल्म फोटोच्या कॅमेऱ्यात: कोकणच्या दमट हवेसाठी सविस्तर पद्धत

पस्तीस मिलिमीटरचा फोटोचा कॅमेरा मुळात सिनेमाच्या फिल्मसाठीच जन्माला आला. ऑस्कर बार्नाकने १९१३-१४ च्या सुमारास जर्मनीत लायका या कॅमेऱ्याचा पहिला नमुना बनवला, तो सिनेमाचीच फिल्म वापरणारा आणि हातात मावणारा. सिनेमाच्या पट्टीवर चार भोकांची एक चौकट असते. त्याने ती आडवी धरून आठ भोकांची केली आणि २४ बाय ३६ मिलिमीटर हे माप ठरलं. १९२५ साली लायका बाजारात आला. आज आपण जी ‘छत्तीसची फिल्म’ म्हणतो, तिचं मूळ हे. म्हणून सिनेमाची फिल्म फोटोच्या कॅमेऱ्यात घालणं हा काही जुगाड नव्हे. कॅमेरा ती आनंदाने ओढतो.

कोकणात ती वापरायची तर मात्र पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेली कृती जशीच्या तशी चालत नाही. इथे प्रत्येक पायरीवर हवेतलं पाणी आडवं येतं: फिल्म साठवताना, डबीत भरताना, रीळावर चढवताना, रसायनं तोलताना, निगेटिव्ह सुकवताना. मुंबईच्या दक्षिणेला अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही राहणाऱ्याने ही कामं कशी करावीत, ते इथे सांगतो.

कोणती फिल्म घ्यायची

रंगीत निगेटिव्हमध्ये आज व्यवहारात एकच कंपनी उरली आहे, कोडॅक. फुजीने सिनेमा चित्रीकरणाची फिल्म बनवणं २०१३ मध्ये थांबवलं. कोडॅकच्या व्हिजन-३ मालिकेत चार प्रकार येतात: ५०डी, २५०डी, २००टी आणि ५००टी. आकडा म्हणजे फिल्मची गती, तो जितका मोठा तितका कमी उजेड पुरतो. डी म्हणजे दिवसाच्या उजेडासाठी, टी म्हणजे पिवळ्या दिव्यांसाठी. डब्यावर नाव नसेल तर चार अंकी नंबर बघा. ५२०३ म्हणजे ५०डी, ५२०७ म्हणजे २५०डी, ५२१३ म्हणजे २००टी आणि ५२१९ म्हणजे ५००टी. नंबर ७२ ने सुरू होत असेल तर ती सोळा मिलिमीटरची पट्टी आहे, आपल्या कामाची नाही.

आपल्या किनाऱ्यासाठी माझी पहिली पसंती २५०डी. सकाळी मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारी माणसं उन्हात असतात, मागे समुद्र चकाकत असतो आणि चार पावलांवर माडांच्या सावलीत काळोख असतो. एवढा उजेड-अंधार एका चौकटीत सांभाळायची या फिल्मची ताकद मोठी आहे. एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड दिला तरी ती बिघडत नाही, उलट सावल्या भरून येतात. म्हणून मी २५०डी ची गती १६० किंवा २०० धरूनच उजेड मोजतो. ५०डी भर दुपारच्या वाळूसाठी उत्तम, पण पोफळीच्या बागेत शिरलात की शटर इतकं मंद होतं की हात हलतो.

५००टी चं खरं घर म्हणजे दशावतार. कार्तिकानंतर सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रांत रात्रभर नाटक चालतं. एकेकाळी गॅसबत्तीवर व्हायचं, आता हॅलोजन आणि एलईडी असतात. हॅलोजन असेल तर ही फिल्म लेन्सवर गाळणी (फिल्टर) न लावता अचूक रंग देते. रंगपटात आरशासमोर बसून तोंडाला रंग लावणाऱ्या नटाचा फोटो काढायला यासारखी दुसरी फिल्म मला माहीत नाही. सुरुवात एकसाठांश सेकंद आणि एफ-२ ने करा, मोजणी चेहऱ्यावरून घ्या. मंचामागच्या काळोखावरून घेतली तर चेहरे जळतात. पांढऱ्या एलईडीखाली चित्र निळसर येतं, ते स्कॅननंतर सुधारतं. लाल किंवा निळा एकरंगी एलईडी असेल तर काहीच सुधारत नाही, तेव्हा तो प्रवेश नुसता बघा.

तीच ५००टी दिवसा वापरायची असेल तर ८५ नंबरची नारिंगी गाळणी लावा आणि फिल्म ३२० ची समजा. २००टी ला हीच गाळणी लावली तर १२५ धरा.

कृष्णधवल हवी असेल तर कोडॅकची डबल-एक्स, म्हणजे ५२२२. ही १९५९ पासून बनते आहे. दिवसा २५०, दिव्यात २००. नव्या माणसाने हिच्यापासूनच सुरुवात करावी असं मी आग्रहाने सांगेन, कारण रंगीत फिल्मच्या पाठीला असतो तो काळा लेप (त्याबद्दल पुढे) हिला नाही आणि ती डी-७६ या साध्या डेव्हलपरमध्ये, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनात, धुता येते.

एक इशारा. चित्रपटगृहात दाखवायची जी प्रिंटची फिल्म असते, ती पॉलिस्टरची असते आणि अतिशय मंद असते. निगेटिव्ह फिल्म ट्रायअॅसिटेटची असते, ती जास्त ओढली तर तुटते. पॉलिस्टर तुटत नाही, त्यामुळे अडकल्यावर कॅमेऱ्याचे दाते तुटू शकतात. मोटरवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात ती घालू नका.

पाठीवरचा काळा लेप

सिनेमाच्या रंगीत निगेटिव्हच्या पाठीला काजळीसारख्या कार्बनचा एक थर असतो. त्याला रेमजेट म्हणतात. फिल्ममधून आरपार गेलेला उजेड परत उसळून येऊ नये, वेगाने पळताना ठिणगी पडू नये, ओरखडा उठू नये आणि पट्टी सरकत राहावी, एवढी कामं तो थर करतो. पण धुताना तो आधी काढावा लागतो. म्हणूनच ही फिल्म नेहमीच्या रंगीत लॅबमध्ये कधीही देऊ नका. काळा लेप त्यांच्या यंत्रात सुटतो, सगळी रसायनं नासतात आणि त्या दिवशी आलेल्या इतरांच्या फिल्मांवरही काळे डाग बसतात. लेप आधीच काढलेली सिनेस्टिलसारखी फिल्म विकत मिळते, ती नेहमीच्या रंगीत लॅबमध्ये, म्हणजे सी-४१ पद्धतीने धुणाऱ्या लॅबमध्ये, चालते. लेप नसल्यामुळेच तिच्यात दिव्यांभोवती लाल वलय दिसतं.

२०२५ पासून कोडॅकने व्हिजन-३ मधला हा लेप काढून त्याऐवजी फिल्मच्या आतच उजेड शोषणारा थर द्यायला सुरुवात केली आहे. जुना माल मात्र अजून बरीच वर्षं फिरत राहणार. त्यामुळे हाती आलेल्या फिल्मचा तुकडा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. बोटभर तुकडा कोमट पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा घालून अर्धा मिनिट भिजवा आणि पाठीवरून ओल्या कापसाचा बोळा फिरवा. कापूस काळा झाला तर लेप आहे.

विकत घेणं आणि साठवणं

पूर्ण डबा चारशे किंवा हजार फुटांचा असतो. शूटिंगमध्ये उरलेले तुकडेही विकले जातात, त्यांना शॉर्ट एंड म्हणतात, आणि ते स्वस्त पडतात. शॉर्ट एंड घेताना डब्यावरची चिकटपट्टी वाचा: फिल्मचा नंबर, किती फूट, कोणत्या वर्षाची. विकणाऱ्याने डबा कुठे ठेवला होता हे विचाराच. फ्रिजमध्ये नव्हता असं कळलं तर आधी एकच डबी भरून, काढून, धुवून बघा. उष्णतेने धुकटलेली फिल्म कुठलंही रसायन नीट करत नाही.

हिशोब सोपा आहे. एका चौकटीला दोन मिलिमीटर मोकळी जागा धरून ३८ मिलिमीटर लागतात. छत्तीस चौकटींना १.३७ मीटर, वर पुढची जीभ आणि शेवटचा तुकडा मिळून साधारण पाव मीटर. म्हणजे एका डबीला १.६ मीटरच्या आसपास. शंभर फुटांतून, म्हणजे साडेतीस मीटरमधून, छत्तीसच्या अठरा-एकोणीस डब्या निघतात.

कोकणात एका वेळी शंभर फुटांपेक्षा जास्त उघडी फिल्म घरात ठेवू नये, हे माझं ठाम मत आहे. मेच्या उकाड्यात आणि जूनपासूनच्या ओलीत उघडलेली फिल्म सांभाळणं कठीण जातं. दोघा-तिघांनी मिळून चारशे फूट घ्यावेत आणि अंधारात वाटून घ्यावेत. प्रत्येकाचा भाग काळ्या पिशवीत, ती पिशवी डब्यात, डबा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या कढईत मंद आचेवर भाजून परत निळे करा. त्या कढईत नंतर स्वयंपाक करू नका.

पावसाळ्यात वीज दिवसदिवस जाते. फ्रिज बंद पडला की आतल्या थंड वस्तूंवर दव सुटतं. स्टीलच्या डब्याभोवती आणखी एक हवाबंद पिशवी हवी, ती यासाठीच. आणि फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडू नका. डबीला दोन तास आणि शंभर फुटांच्या गुंडाळीला अख्खी रात्र बाहेर राहू द्या. थंड फिल्मवर आपल्या हवेतलं पाणी क्षणात बसतं, थर एकमेकांना चिकटतात आणि सुटताना ठिपके उमटतात.

डबीत भरणं

यासाठी बल्क लोडर नावाचा लहान डबा मिळतो. शंभर फुटांची गुंडाळी पूर्ण अंधारात एकदा त्यात ठेवली की पुढच्या डब्या उजेडात भरता येतात. चारशे फुटांची गुंडाळी त्यात मावत नाही, म्हणून आधी वाटणी करावी लागते.

अंधार म्हणजे ठार काळोख. कौलारू घरात रात्रीसुद्धा फटींतून शेजारच्या अंगणातला दिवा आत येतो. खोलीत पाच मिनिटं उभं राहून डोळे सरावू द्या, मग काही दिसतं का बघा. चेंजिंग बॅग (बाह्यांतून हात घालून आत अंधारात काम करायची काळी पिशवी) वापरत असाल तर पहाटे, गार वेळी वापरा. दुपारी पाचव्या मिनिटाला बाहीच्या आत हात घामेजतात, पिशवीतली हवा ओली होते आणि फिल्म बोटांना चिकटू लागते. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा. पावडर लावू नका, तिचे कण फिल्मवर बसतात.

रिकाम्या डब्या दोन प्रकारच्या मिळतात: झाकण फिरवून उघडणाऱ्या, किंवा वापरून झालेल्या साध्या डब्या, ज्यांच्या तोंडातून बोटभर फिल्म बाहेर ठेवलेली असते. दुसऱ्या प्रकारात नवी फिल्म त्या शेपटीला चिकटपट्टीने दोन्ही बाजूंनी जोडायची. सांधा सरळ हवा. तिरका झाला तर तोंडातून जाताना अडकतो. डबीच्या तोंडाला जी मखमल असते, तिच्याकडे मात्र नीट बघा. आपल्याकडे वाळू कुठेही शिरते. मखमलीत अडकलेला वाळूचा एक कण संपूर्ण फिल्मवर, पहिल्या चौकटीपासून शेवटच्यापर्यंत, सरळ रेघ ओढतो. ती रेघ स्कॅनमध्ये आभाळात सगळ्यात ठळक दिसते. प्रत्येक वेळी मखमलीवर चिकटपट्टी दाबून उचला आणि पट्टीवर काय आलं ते उजेडात पाहा. मखमल झिजून गुळगुळीत झाली असेल तर डबी टाकून द्या.

लोडरची कडी मोजून फिरवा, घट्ट ओढू नका. भरून झाल्यावर कात्रीने पुढची चार-पाच सेंटिमीटर पट्टी अर्ध्या रुंदीची कापा. सांध्याजवळचा शेवटचा भाग भरताना उजेडात येतो, त्यामुळे शेवटच्या एक-दोन चौकटी वाया जाणार हे धरून चाला. छत्तिसाव्या चौकटीवर महत्त्वाचा फोटो ठेवू नका. लगेच डबीवर फिल्मचं नाव आणि तारीख लिहा. या डब्यांवर फिल्मची गती सांगणाऱ्या चौकोनी खुणा नसतात, किंवा असल्या तरी जुन्या फिल्मच्या असतात, म्हणून कॅमेऱ्यावर गती हातानेच लावा.

सिनेमाच्या निगेटिव्हची भोकं फोटोच्या फिल्मपेक्षा किंचित वेगळ्या आकाराची असतात. कॅमेऱ्याला त्याचा फरक पडत नाही.

धुणं

काढलेली फिल्म साठवून ठेवू नका. आठवडा-पंधरा दिवसांत धुवा. उमटलेली पण न धुतलेली प्रतिमा उष्णतेत आणि ओलीत हळूहळू फिकी पडते.

रंगीत सिनेमा फिल्मची खरी पद्धत म्हणजे इसीएन-२. तिचा डेव्हलपर ४१.१ अंशांना तीन मिनिटं चालतो आणि त्यात सीडी-३ नावाचं रसायन असतं. फोटोच्या सी-४१ मध्ये सीडी-४ असतं आणि तापमान ३७.८. सी-४१ मध्ये धुतलं तरी चित्र येतं, पण कॉन्ट्रास्ट वाढतो आणि सावलीतला रंग एका बाजूला, उजेडातला दुसऱ्या बाजूला झुकतो. किनाऱ्यावरच्या कडक उन्हात आधीच कॉन्ट्रास्ट भरपूर असतो, म्हणून मी इसीएन-२ च करतो.

तयार संच मिळाला तर तोच घ्या. स्वतः बनवायचा असेल तर एक लिटरचा हिशोब असा: सोडियम सल्फाइट २ ग्रॅम, सोडियम ब्रोमाइड १.२, निर्जल सोडियम कार्बोनेट २५.६, सोडियम बायकार्बोनेट २.७ आणि शेवटी सीडी-३ चार ग्रॅम. सल्फाइट आधी विरघळवा, सीडी-३ सगळ्यात शेवटी. कोडॅकच्या मूळ कृतीत क्षार रोखणारं आणि धुकं रोखणारं अशी आणखी दोन द्रव्यं आहेत. डिस्टिल्ड पाणी वापरलं तर घरी त्यांच्याशिवाय काम होतं. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर डेव्हलपरला बिलकूल वापरू नका.

कोकणात इथे एक खास अडचण आहे. निर्जल सोडियम कार्बोनेट हवेतलं पाणी पितं. बरणी पावसाळ्यात दोनदा उघडली की २५.६ ग्रॅममध्ये किती कार्बोनेट आणि किती पाणी, हे सांगता येत नाही. एक तर ते तोलण्याआधी भाजून कोरडं करा, किंवा सरळ मोनोहायड्रेट विकत घ्या आणि ३० ग्रॅम तोला. लेप काढायच्या पाण्यात लागणाऱ्या कॉस्टिक सोड्याचे दाणे तर बशीत ठेवल्या ठेवल्या ओले होतात, ते झटपट तोलून लगेच पाण्यात टाका. नेहमी सोडा पाण्यात, पाणी सोड्यावर नाही. हातमोजे आणि चष्मा घाला. सीडी-३ हातांना लागलं तर काही जणांच्या कातडीवर पुरळ उठतं, त्यामुळे मोजे डेव्हलपरलाही हवेत.

लेप सुटा करायचं पहिलं पाणी असं: एका लिटरमध्ये टाकणखार २० ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फेट १०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा १ ग्रॅम. टाकणखार काष्ठौषधीच्या दुकानातही मिळतो. सल्फेट टाळू नका, त्यामुळेच फिल्मवरचा जिलेटिनचा थर जास्त फुगत नाही.

फिल्म प्लास्टिकच्या रीळावर चढवण्याआधी रीळ हेअर ड्रायरने खणखणीत वाळवा. दमट रीळात फिल्म अर्ध्यावर अडकते आणि अंधारात ओढाताण होते. मग रीळ उजेड न शिरणाऱ्या टाकीत बंद करून तिच्यात २७ अंशांचं पहिलं पाणी ओता आणि अर्धा ते एक मिनिट हळू हलवा. ओतून द्या. आता साधं कोमट पाणी भरून टाकी जोरजोरात हलवा. शाईसारखं काळं पाणी निघेल. पुन्हा भरा, पुन्हा हलवा. पाणी नितळ येईपर्यंत हे करा. सगळा लेप इथेच निघत नाही, आणि त्यासाठी घाई करायचं कारणही नाही.

मोठ्या टबात ४२ अंशांचं पाणी घेऊन त्यात रसायनांच्या बाटल्या अर्धा तास ठेवा. आपल्याकडे मार्च ते मे हे काम फार सोपं जातं, कारण खोलीच तीस-बत्तीस अंशांवर असते आणि तापमान हळू उतरतं. डेव्हलपर ४१ अंशांवर आला की ओता, पहिली वीस सेकंद सतत हलवा, पुढे दर पंधरा सेकंदांनी दोनदा उलटा-सुलटा. बरोबर तीन मिनिटांनी बाहेर. लगेच डेव्हलपरचं काम थांबवणारा स्टॉप बाथ: पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी दोन भाग, अर्धा मिनिट. मग चांगलं धुवून सी-४१ चं ब्लीच आणि फिक्सर, संचावर दिलेल्या वेळेप्रमाणे. ब्लीच आणि फिक्सर वेगवेगळे असलेला संच घ्या.

फिक्स झाल्यावर फिल्म बाहेर काढा, पाण्यात धरा आणि पाठीवरून ओला मऊ स्पंज एकाच दिशेने फिरवा. उरलेला काळा थर इथे निघतो. चकचकीत बाजू ती पाठ. मंद, मॅट बाजूला स्पंज अजिबात लावू नका, तो थर ओला असताना नखानेही सोलतो. दिव्यासमोर तिरकी धरून काळे पट्टे उरलेत का बघा. मग पुन्हा पाण्यात, आणि शेवटचं पाणी डिस्टिल्ड.

डबल-एक्सला लेप काढणं, गरम डेव्हलपर किंवा ब्लीच लागत नाही. तिथे अडचण उलटी असते, कारण तक्ते २० अंशांचे असतात आणि आपल्या नळाचं पाणी २८ च्या वर. माठातलं पाणी घ्या, हवं तर टबात बर्फाच्या पिशव्या टाका, आणि २४ अंशांवर काम करा. २० ची वेळ सुमारे ३० टक्क्यांनी कमी करा. २४ च्या वर जाऊ नका, वेळ इतकी कमी होते की फिल्मवर डेव्हलपरचे पट्टे पडतात.

सुकवणं, स्कॅन आणि जपणूक

पावसाळ्यात फिल्म सुकायला अर्धा दिवस लागतो आणि रेंगाळली तर बुरशी धरते. बंद कपाटात खाली तारेचा जुना पिवळा बल्ब लावा, दार थोडं किलकिलं ठेवा आणि फिल्म वर टांगा. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही, तो तापत नाही. पंख्याखाली टांगू नका, धूळ चिकटते.

इसीएन-२ ची निगेटिव्ह मुद्दाम सपाट बनवलेली असते, कारण सिनेमात तिच्यावरून पुढे प्रिंट निघते. पहिल्या स्कॅनला चित्र फिकं दिसेल. कॉन्ट्रास्ट वाढवा, काळा बिंदू ओढून घ्या, मग रंग येतात. डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि एकसारखा पांढरा उजेड देणारी पाटी एवढ्यावर उत्तम स्कॅन होतं. निगेटिव्हचा नारिंगी रंग काढताना दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीवरून मोजा.

वापरलेलं फिक्सर आणि ब्लीच विहिरीजवळ, परसात किंवा खाडीच्या व्हाळात ओतू नका. फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक आहे. जुन्या कॅनमध्ये साठवा. जवळच्या शहरात एक्स-रे फिल्म किंवा चांदी काढून घेणारे व्यापारी असतील तर फिक्सर त्यांना द्या.

निगेटिव्ह पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत ठेवा, पीव्हीसीच्या नको. ट्रायअॅसिटेट उष्णतेत आणि ओलीत सडतं, आणि सडू लागलं की व्हिनेगरचा वास येतो. गणपती झाले, ऊन पडू लागलं की सगळी पाकिटं एकदा बाहेर काढा, वास घ्या, सिलिका जेल बदला. ज्या पाकिटाला वास येईल ते त्याच दिवशी वेगळ्या डब्यात हलवा आणि आधी त्याचं स्कॅन करून घ्या, कारण तो वास शेजारच्या फिल्मांनाही लागतो.